चार अक्षरांची लस

आमच्या झरी गावात रात्रीचा वर्ग भरतो. पाटीवरचा धडा संपला, की वर्तमानपत्राचे एखादे पान आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो. मग त्यावर प्रश्नोत्तरे होतात. एके रात्री पानावर बातमी होती, की डी.एन.ए. लस कॅन्सरवरही उपयोगी पडावी म्हणून शास्त्रज्ञ खटपट करीत आहेत. वाचन संपले. मागच्या रांगेतल्या एक बाई उठून म्हणाल्या,

"गुरुजी, माझ्या जावेला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणतात शेक घ्या. घरचे म्हणतात, शेकानं माणूस खंगतं. ही लस येऊ द्या, तवर थांबू. थांबावं का?"

सारा वर्ग आमच्याकडे पाहू लागला. प्रश्न एका बाईच्या जिवाचा होता. आम्ही म्हटले, "बाई, थांबू नका. शेकाची तारीख चुकवू नका. का, ते उद्या नीट समजावून सांगतो." दुसऱ्या रात्री जे सांगितले, तेच येथे लिहीत आहोत.

लस काय करते?

आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर गोल व्रण दिसतो. तो देवीच्या लशीचा. इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टराने १७९६ साली गाईच्या सौम्य देवीची लस एका मुलाला टोचली आणि माणसाची देवी टळते हे दाखवून दिले. पुढे ही लस गावोगाव पोचली. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आपल्या मुंबईतही असेच मोठे काम झाले. प्लेगने माणसे पटापट मरत होती. तेव्हा हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगचे जंतू मारून त्यांची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

या लशींचे मर्म एकच. शेतावर राखणदार असतो. त्याने चोर कधी पाहिलाच नसेल, तर तो चोराला ओळखणार कसा? आपल्या शरीरातही असे राखणदार आहेत. लस त्यांना चोराची ओळख पटवते. कधी चोर अर्धमेला करून दाखवतात, कधी मेलेला दाखवतात, तर कधी त्याचे नुसते पागोटे दाखवतात. पुढे खरा चोर आला, की राखणदार त्याला लगेच धरतात.

शरीरालाही वाचता येते

आता नवी लस पाहू. आपले शरीर लहान लहान पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या आत एक कोठडी असते. तिला केंद्रक म्हणतात. त्या कोठडीत एक पोथी जपून ठेवलेली असते. तिचे नाव डी.एन.ए. या पोथीची लिपी फक्त चार अक्षरांची आहे : ए, टी, जी आणि सी.

चार अक्षरांत काय लिहिणार, असे तुम्ही म्हणाल. पण 'नदी' हा शब्द पाटीवर लिहा आणि अक्षरे उलटी करा. 'दीन' होते. अक्षरे तीच, क्रम बदलला की अर्थ बदलला. चार अक्षरांच्या अशाच निरनिराळ्या क्रमाने पोथीत लिहिलेले असते, की कोणते प्रथिन कसे बनवायचे. पेशी पोथी बाहेर काढीत नाही. लागेल तेवढ्या मजकुराची चिठ्ठी उतरवून घेते. त्या चिठ्ठीला आर.एन.ए. म्हणतात. ती वाचून पेशीतले कारखाने प्रथिन तयार करतात.

डी.एन.ए. लशीत रोगाचा जंतू नसतो. असते ते डी.एन.ए.चे एक लहानसे कडे. त्यावर चोराचे पागोटे कसे विणायचे, एवढेच लिहिलेले असते. ते पेशीत गेले, की पेशी ते वाचते आणि पागोटे स्वतःच विणते. राखणदार ते पाहतात आणि सावध होतात.

ही कडी तयार कशी करतात? दुधाला थोडे विरजण लावले की भांडेभर दही होते ना? तसेच निरुपद्रवी जंतूंत हे कडे घालून मोठ्या टाकीत ते जंतू वाढवतात. मग जंतू बाजूला काढून फक्त कडी शुद्ध करून घेतात.

आपल्या देशातली लस

माणसासाठी मंजूर झालेली जगातली पहिली डी.एन.ए. लस आपल्याच देशात तयार झाली. तिचे नाव झायकोव्ह-डी. अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ती कोरोनावर केली. सुमारे २८,००० स्वयंसेवकांवर तिची चाचणी झाली. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. अठ्ठावीस अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने तिच्या तीन मात्रा. तिला सुई नाही. एका यंत्राने बारीक फवारा कातडीत सोडायचा.

चाचणीत तिचा गुण शेकडा ६६ च्या आसपास आला. याचा अर्थ असा : लस नसती तर जेथे शंभर माणसे आजारी पडली असती, तेथे लस घेतल्याने सुमारे चौतीसच पडली.

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने याच कुळातली दुसरी लस केली. तीत पोथीऐवजी चिठ्ठीच, म्हणजे आर.एन.ए., पाठवतात. तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

आपली पोथी बिघडेल का?

हा प्रश्न वर्गात आलाच. "गुरुजी, बीटी कपाशीसारखं आमचंबी बियाणं बदललं तर?"

शंका बरोबर आहे, म्हणून नीट पाहू. बीटी कपाशीत मातीतल्या एका जंतूचे जनुक बियाण्याच्या पोथीतच शिवलेले असते. म्हणून ते झाडाच्या प्रत्येक पेशीत आणि पुढच्या बियाण्यातही उतरते. लशीचे कडे पोथीत शिवलेले नसते. ते शेजारी सुटे राहते, वाचले जाते आणि काही काळाने मोडून जाते. ते पोथीत शिवले जाते का, हे प्राण्यांवर मुद्दाम तपासले गेले. तसे होण्याचा संभव नगण्य आढळला.

मग या लशीत उणे काय? उंदरांवर ती जोरात चालते, माणसावर तितकी चालत नाही. कारण कड्याला दोन भिंती ओलांडाव्या लागतात. एक पेशीची, दुसरी केंद्रकाची. पुष्कळ कडी वाटेतच अडतात. म्हणून फवारा किंवा विजेचा हलका झटका वापरून त्यांना आत घालतात. तिचा मोठा गुण म्हणजे ती थोडी उष्णता सोसते आणि रोगाने रूप बदलले तर तिचा मजकूर लवकर बदलता येतो. वीज जाण्याची खोड असलेल्या आपल्या खेड्यांना हे सोयीचे आहे.

आणि कॅन्सर?

कॅन्सर हा बाहेरचा चोर नव्हे. तो घरातलाच बिघडलेला माणूस. आपल्याच पेशी बेबंद वाढतात. राखणदार त्यांना घरचे समजून सोडून देतात. त्यांची खूण राखणदारांना लिहून कळवावी, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. कॅन्सर होण्याआधी तेथे काही वर्षे बिघाड दिसतो. असा बिघाड असलेल्या स्त्रियांवर एका डी.एन.ए. लशीची चाचणी झाली. तिचा निकाल २०१५ साली आला. लस घेतलेल्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांचा बिघाड उतरला. पण नुसते पाणी टोचलेल्यांतही शंभरात तिसांचा उतरलाच. म्हणजे आशा आहे, पण काम पुरे झालेले नाही. माणसाच्या कॅन्सरवर मंजूर झालेली डी.एन.ए. लस आज एकही नाही. कोणी पैसे घेऊन ती देतो म्हणाला, तर तो फसवतो आहे असे समजा.

पुण्याच्या सीरम संस्थेने केलेल्या सर्व्हाव्हॅक या एच.पी.व्ही. लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. ही डी.एन.ए. लस नव्हे. हीत विषाणूचे पागोटे तयारच असते. ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दिलेली उत्तम, कारण ती रोग येऊ देत नाही. आलेला रोग मात्र ती बरा करीत नाही.

मोठ्या बायकांनी काय करावे? याचे उत्तर आपल्या मराठवाड्यानेच जगाला दिले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने बाहेरच्या तज्ज्ञांच्या मदतीने खेड्यापाड्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ साली निकाल आला. ज्यांची एकदाच एच.पी.व्ही. तपासणी झाली, त्यांच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. रोग लवकर सापडला, लवकर उपचार झाला, जीव वाचला.

म्हणून, मंडळी, एवढे ध्यानात धरा. मुलींना एच.पी.व्ही. लस द्या. तिशी ओलांडलेल्या बाईने आरोग्य केंद्रात विचारून तपासणी करून घ्यावी. अंगावरून अवेळी जात असेल तर लाजून गप्प बसू नये. आणि रोग निघालाच, तर आज हातात असलेला उपचार उद्याच्या लशीसाठी सोडू नये.

त्या बाई दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन शेकाला गेल्या. नंतर म्हणाल्या, "गुरुजी, त्याच फेरीत माझीबी तपासणी करून आले." त्या हजेरीला नव्हत्या, पण त्या दिवशी वहीत आम्ही त्यांची हजेरीच मांडली.