वरचा मजला आणि लॉक-इनचे कलम

आडतीचे दुकान अहिल्यानगर जिल्ह्यात, मुलाची नोकरी पुण्यात आणि घरातील ज्येष्ठ मातुःश्रींचे वर्षीतप सुरू. अशा एका कुटुंबाने चातुर्मासाच्या आधी बिबवेवाडीत सदनिका भाड्याने घेतली. स्थानक चालत सात मिनिटांवर, हेच घर पसंत पडण्याचे मुख्य कारण. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, महिना ३२ हजार भाडे, एक लाख अनामत आणि सहा महिन्यांचा लॉक-इन. करार वाचताना सर्वांची नजर भाड्यावर आणि अनामतीवर गेली. लॉक-इनच्या कलमावर कोणी बोट ठेवले नाही. एरवी सौद्याची ओळन् ओळ तपासणारी व्यापारी माणसे घराच्या कराराबाबत मात्र आश्चर्य वाटावे इतकी निर्धास्त असतात.

वरच्या मजल्यावर चार तरुण राहत. आठवड्यातून तीन-चार रात्री दोन-अडीचपर्यंत मोठ्याने गाणी, फरशीवरून ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या, जिन्यातला गोंगाट. उपवासाच्या रात्री झोप आधीच उथळ. पहाटे राई प्रतिक्रमणाला बसल्यावर आजींना आयुष्यभराचे मुखोद्गत पाठ आठवेनात. एके दिवशी सामायिकातच त्यांचा डोळा लागला. त्या दिवशी त्या मुलाला म्हणाल्या, ‘‘मला गावीच नेऊन सोड. माझ्यामुळे तुमची ओढाताण नको.’’

गृहस्थ दोनदा वर जाऊन हात जोडून आले. प्रत्येक वेळी आठवडाभर शांतता, पुन्हा तेच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि पोलिसांना ११२ वर कळवता येते. पण आजींनीच पोलिसांना नकार दिला. मुलांच्या नावावर तक्रार चढवून तपाला बसणे त्यांना मान्य नव्हते. मग संस्थेच्या सचिवांना तारीख-वेळेसह लेखी अर्ज दिले आणि त्यांच्या पोहोच-प्रती जपून ठेवल्या. त्या पुढे उपयोगी पडल्या. येथे एक स्पष्ट म्हटले पाहिजे : शेजाऱ्याच्या ताटात काय आहे, ही तक्रार होऊ शकत नाही. अर्जात फक्त आवाजाचा उल्लेख होता, आणि तेच योग्य होते.

चौथ्या महिन्यात घर सोडायचे ठरले, तेव्हा लॉक-इनचे कलम समोर आले. शेजारी घरमालकाच्या ताब्यातला नसतो. त्याच्या वागण्याने घरमालकाचा करारभंग होत नाही. म्हणजे उरलेल्या दोन महिन्यांचे ६४ हजार मागण्यास घरमालकांना आधार होता. करारात तशी रक्कम लिहिलेली असली, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते, हेही खरे. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

ओळखीच्यांनी दोन वाटा सुचवल्या. एक, भाडे थांबवावे आणि अनामतीतून परस्पर वळते होऊ द्यावे. दुसरी अधिक सोपी : आपणच नवा भाडेकरू आणून द्यावा आणि वरच्या मजल्याविषयी अवाक्षर काढू नये. मुलाला दुसरी वाट पटली. वडिलांना ती खटकली. दुसऱ्या अणुव्रताच्या मोठ्या असत्यांत भोमालीक, म्हणजे भूमीविषयीचे असत्य, आणि थापणमोसा, म्हणजे दुसऱ्याची ठेव बुडवणे, ही दोन्ही येतात. रोजच्या प्रतिक्रमणात ते शब्द उच्चारायचे आणि सदनिका दाखवताना गप्प राहायचे, हे त्यांना जमेना. दुकानात ते गोणीच्या तळाचा माल आधी दाखवत. घर हाही मालच.

घरमालक निवृत्त शिक्षक. याच भाड्यातून त्यांच्या कर्जाचा हप्ता जाई. त्यांच्यासमोर अर्जांच्या प्रती ठेवून गृहस्थांनी एक महिन्याची लेखी नोटीस दिली आणि सांगितले, ‘‘मास्तर, तुमचे नुकसान आम्हाला नको. माणूस आम्ही शोधतो, पण त्याला खरे सांगूनच.’’ मास्तर थोडे रागावले. खरे सांगितल्यावर घर कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पहिले कुटुंब ऐकून परतले. दुसरेही. तिसरा तरुण रात्रपाळीवर काम करणारा निघाला. रात्री घरी नसल्याने वरच्या गाण्यांचे त्याला काहीच नव्हते. त्याने उलट दुपारी शांतता असते ना, एवढेच विचारले.

मूळ करार रद्द केल्याचा लेख दोघांच्या सह्यांनी झाला. विजेचे देयक, चाव्या, भिंतींची छायाचित्रे, सर्व त्यात नोंदले. घर मध्ये पंधरा दिवस रिकामे राहिले, त्याचे १६ हजार आणि रंगाचे चार हजार वळते करून मास्तरांनी ८० हजार परत केले.

नवे घर शेवटच्या मजल्यावर आहे. स्थानक थोडे लांब पडते, म्हणून सकाळी नातू आजींना सोडायला जातो. करारापूर्वी पिता-पुत्र रात्री अकराला त्या रिकाम्या घरात तासभर बसून आले. लॉक-इन या वेळी दोन महिन्यांचा आहे.