बोधनिक मानसशास्त्रातील पीएच.डी. : एका प्रश्नाची दीर्घ साधना

मानसशास्त्र म्हटले की समुपदेशन आणि मनोविकारांवरील उपचार एवढेच बहुधा आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु निरोगी मनाचे नित्याचे व्यापार कसे चालतात, याचा शोध घेणारी या शास्त्राची एक शाखा आहे. तिला बोधनिक मानसशास्त्र म्हणजेच कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी म्हणतात. या विषयात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या तरुणांना व त्यांच्या पालकांना या मार्गाची कल्पना यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

अवधान, स्मृती, भाषा, विचार आणि निर्णय हे या शाखेचे विषय होत. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. एडवर्ड पेस हे कॅथलिक धर्मगुरू त्यांचे विद्यार्थी होते. पेस यांचे शिष्य, बेनेडिक्टाइन संघाचे फादर थॉमस व्हर्नर मूर यांनी १९३९ साली 'कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी' याच नावाचा ग्रंथ लिहिला. पुढे १९६७ साली उल्रिक नायसर यांच्या त्याच नावाच्या ग्रंथामुळे ही शाखा सर्वतोमुखी झाली. श्रद्धा आणि मनाचा शास्त्रीय अभ्यास यांत वैर नाही, हे सांगायला मूर यांचे उदाहरण पुरेसे आहे.

संशोधन कसे चालते, ते एका उदाहरणाने पाहू. 'लाल' हा शब्द निळ्या शाईने छापला आणि शाईचा रंग सांगा म्हटले, तर आपण क्षणभर अडखळतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली हा परिणाम प्रसिद्ध केला. असा विलंब आज संगणकावर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. आता वसईतील घरी कादोडी आणि शाळेत मराठी वा इंग्रजी बोलणारे मूल घ्या. भाषा बदलण्याच्या सवयीमुळे त्याचे मन असे अडथळे लवकर ओलांडते का? कॅनडातील एलेन बियालिस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांना २००४ साली द्विभाषिकांमध्ये असा लाभ दिसला. अमेरिकेतील केनेथ पॅप व झॅकरी ग्रीनबर्ग यांना २०१३ साली तो आढळला नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. पीएच.डी.चा विद्यार्थी अशा वादातील एक लहानसा, पण मोजता येण्याजोगा प्रश्न निवडतो.

या प्रश्नासाठी त्याला प्रयोग रचावे लागतात, सहभागींची संमती घ्यावी लागते, संख्याशास्त्र आणि संगणकाची आज्ञावली शिकावी लागते. कित्येक प्रयोगांतून अपेक्षित उत्तर मिळत नाही. तरीही आलेला निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडणे हाच या विद्येचा धर्म होय. म्हणून विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक आणि त्यांचा संशोधनविषय पाहून निवड करावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

आपल्या देशात अलाहाबाद विद्यापीठाचे २००२ साली स्थापन झालेले वर्तन व बोधनविज्ञान केंद्र, हैदराबाद विद्यापीठ, तसेच कानपूर व गांधीनगर येथील आयआयटी येथे या विषयाचे संशोधन होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ व सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे लागतात. पदव्युत्तर पदवीला साधारणतः ५५ टक्के गुण लागतात. राखीव गटांना सवलत आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असली तरी हा मार्ग बंद नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. ही पदवी म्हणजे रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले वेगळे प्रशिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. दुःखितांच्या सेवेची ओढ असलेल्या तरुणाने त्या वाटेने जावे. ज्याला 'मन हे कसे करते?' हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याने या वाटेने यावे.

पालकांनाही आमची विनंती आहे. "अजून किती वर्षे शिकणार?" असे विचारण्याऐवजी "तुझा प्रश्न कोणता?" असे मुलाला विचारावे. त्याला तो साध्या मराठीत आपल्याला समजावून सांगता आला, तर त्याची तयारी झाली आहे, असे खुशाल समजावे.