गहू बंद करण्यापूर्वी

सहा महिने पूर्ण झाले की बाळाचे उष्टावण होते आणि पाठोपाठ रव्याची खीर, लापशी, दुधात कुस्करलेला फुलका, भिजवलेले बिस्कीट असे एकेक पदार्थ त्याच्या वाटीत येऊ लागतात. हे सारेच पदार्थ गव्हाचे आहेत, याकडे घरात कोणाचे लक्षही जात नाही. बहुतेक बाळांना गहू उत्तम मानवतो. ज्यांना तो मानवत नाही त्यांच्या बाबतीत मात्र पालकांची पहिली प्रतिक्रियाच पुष्कळदा निदानाच्या आड येते.

लक्षणे एकाएकी दिसत नाहीत. गहू सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी बाळाचे वजन स्थिरावते, मग घटू लागते. शौच वारंवार, पातळ, फिकट आणि उग्र वासाचे होते. पोट नगाऱ्यासारखे फुगते, पण मांड्या व नितंब सुकत जातात. हसरे मूल दिवसभर किरकिरते आणि अन्नाला तोंड लावीत नाही. काही बाळांत याउलट बद्धकोष्ठ किंवा उलट्याच दिसतात. काहींत लोहाचे औषध देऊनही न हटणारा रक्तक्षय एवढीच खूण असते. घरातील ज्येष्ठ मंडळी दातांकडे बोट दाखवतात. दात येताना मूल कुरकुरते हे खरे, परंतु त्यामुळे महिनोन्‌महिने वजन थांबत नाही. लसीकरणाच्या कार्डावर वजनाचा आलेख असतो. दुकानाची रोजमेळ न चुकता लिहिणाऱ्या घरांतही तो पुष्कळदा कोराच राहतो.

या विकाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. जन्मतःच विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या काही व्यक्तींमध्ये, ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात आणि मूल खाऊनही उपाशी राहते. दिल्ली परिसरातील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शंभरामागे सुमारे एक व्यक्ती या विकाराची आढळली. दक्षिण भारतात हे प्रमाण बरेच कमी दिसते. गहू उशिरा दिल्याने विकार टळतो, हा समज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दोन मोठ्या अभ्यासांत टिकला नाही.

गव्हाचा हा संबंध उघड होण्यामागे युद्धकाळातील एक दारुण प्रसंग आहे. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी पूर्वीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि नेमक्या त्याच काळात ही आजारी मुले सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष सप्रमाण मांडला.

आता मुख्य मुद्दा. कोणी नातेवाईक सुचवतो, ‘महिनाभर गहू बंद करून पाहा.’ गहू बंद होतो, मूल सुधारते, सर्वांना हायसे वाटते. नंतर तपासणीस नेले तर अहवाल निर्दोष येण्याचा संभव असतो, कारण तपासणी शोधते ती ग्लुटेनमुळे रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे, आणि गहू थांबताच ती ओसरू लागतात. तपासनीस येण्याआधीच पावत्या काढून टाकल्या तर वहीत दोष सापडायचा कसा? मग खात्रीसाठी मुलाला पुन्हा गहू खाऊ घालावा लागतो, आणि पाच वर्षांखालील मुलांत असा प्रयोग शक्यतो टाळावा असे तज्ज्ञांचे मत आहे. म्हणून आधी तपासणी, मगच पथ्य. अपवाद एकच: गहू खाताच काही मिनिटांत वा एकदोन तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे ही वेगळी, अ‍ॅलर्जीची लक्षणे होत. तेथे गहू तत्काळ थांबवून डॉक्टर गाठावा. जुलाबांनी मूल निपचित पडले असेल तर रुग्णालयास विलंब नको.

पहिली तपासणी रक्ताची, टीटीजी-आयजीए. तिच्याबरोबर एकूण आयजीएचे प्रमाणही मोजून घ्यावे लागते. काही मुलांत ते मुळातच कमी असते आणि अशा वेळी पहिला अहवाल फसवा ठरतो. त्यांच्यासाठी आयजीजी प्रकारची तपासणी करतात. रक्तात दोष दिसल्यास दुर्बिणीतून आतड्याचा सूक्ष्म तुकडा घेऊन तपासतात. भूल द्यावी लागते, म्हणून पालक कचरतात. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार टीटीजी मर्यादेच्या दहापट वा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यातील ईएमए तपासणीही दोष दाखवीत असेल, तर तुकडा न घेताही निदान करता येते. निर्णय तज्ज्ञाचाच. जनुकीय तपासणीचा उपयोग उलट बाजूने होतो. ती ठेवण नसेल तर विकार जवळजवळ नाहीच, परंतु असेल तर एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण ती असंख्य निरोगी माणसांतही असते. शंभर पदार्थांच्या ‘असहिष्णुते’चे महागडे आयजीजी अहवाल मात्र या कामी निरुपयोगी. त्यावर पैसा घालवू नये.

निदान पक्के झाले की पथ्य जन्मभराचे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, राजगिरा आणि सर्व डाळी निर्धास्त चालतात. अडचण असते ती लपलेल्या गव्हाची. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात फोडणीचा आधार म्हणजे हिंग. डबीतल्या पूड हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणून तांदळाच्या पिठाचा हिंग शोधावा. सातूच्या पिठात गहू असतो, माल्टच्या पेयांत जव. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारीही चालत नाही, दळण घरच्या वेगळ्या जात्यावर वा चक्कीवर हवे. ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापण्यासाठी भारतात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण अशा तयार पिठांत बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असू शकतो. कंदमूळ न खाणाऱ्यांनी वेष्टनाची मागची बाजूही वाचावी.

बाळाचे निदान झाल्यावर आईवडील आणि भावंडे यांचीही रक्ततपासणी करतात. जवळच्या नात्यात हा विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो. वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही ‘प्रकृतीच अशक्त’ म्हणवली गेलेली एखादी आई अशाच तपासणीत प्रथम उजेडात येते.