पुस्तक छापून झालं, आता विकायचं कुणी?

छापखान्यातून टेम्पो येतो. पाच-सहा खोकी घरात उतरतात. नव्या कागदाचा वास दरवळतो, एक प्रत देवापुढे ठेवली जाते, पेढे वाटले जातात. पहिल्या पंधरवड्यात नातेवाईक, कचेरीतले सहकारी आणि शेजारी मिळून साठ-सत्तर प्रती जातात. त्यातल्या निम्म्या अर्थातच भेट! मग सारं शांत होतं. खोकी पलंगाखाली सरकतात आणि घरची मंडळी दबक्या आवाजात विचारू लागतात, 'यात पैसे किती गेले?'

स्वतःच्या खर्चानं पहिलं पुस्तक काढणाऱ्या किती तरी लेखकांची ही कथा. गंमत म्हणजे छपाई आज पूर्वीसारखी अवघड राहिलेली नाही. बंगळुरातली 'पोथी डॉट कॉम' ही कंपनी 2008 पासून मागणीनुसार पुस्तक छापून देते. गिऱ्हाईक आलं की एक प्रत छापायची, नाही आलं तर नाही. गोदाम नको की गठ्ठे नकोत. पण गिऱ्हाईक आणायचं कुठून, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

याच शहरातल्या एका लेखकाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. वसुधेंद्र हे मूळचे बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरचे. इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं नोकरी केली आणि कन्नडमधून लिहीत राहिले. 2004 मध्ये त्यांनी 'छंद पुस्तक' ही स्वतःची प्रकाशन संस्था काढली. आईवरच्या ललित लेखांचं त्यांचं पुस्तक याच संस्थेतून निघालं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पण वसुधेंद्र तेवढ्यावर थांबले नाहीत. नव्या कथाकारांच्या हस्तलिखितांसाठी त्यांनी पुरस्कार ठेवला आणि त्यांची पुस्तकं छापली. नवोदितांनी लक्षात घ्यावं ते इथं. जो लेखक दुसऱ्यांच्या पुस्तकांबद्दलही बोलतो, त्याच्या भोवती वाचक जमतात. जो फक्त 'माझं पुस्तक घ्या' म्हणतो, त्याला पाहून लोक रस्ता बदलतात.

स्वतःचं पुस्तक स्वतः विकण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी गळगनाथांची आठवण ठेवावी. हावेरीजवळच्या गळगनाथ गावचे व्यंकटेश तिरको कुलकर्णी (1869-1942) हे आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये नेणारे लेखक. पेशानं शिक्षक. पुस्तकांचं ओझं स्वतः वाहत ते गावोगाव फिरले, दारोदार गेले आणि त्यांनी कन्नड वाचक अक्षरशः घडवला. आर. के. नारायण यांचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या प्रकाशकांशी व्यवहार अडला, तेव्हा 1942 मध्ये त्यांनी म्हैसुरात 'इंडियन थॉट पब्लिकेशन्स' काढून आपली पुस्तकं आपणच छापायला घेतली. एवढ्या मोठ्या लेखकाला जे करताना संकोच वाटला नाही, ते आपण का टाळावं?

मात्र पिशवी खांद्याला लावण्याआधी हिशेब मांडायला हवा. समजा, पुस्तकाची किंमत 250 रुपये आहे. पाचशे प्रती छापल्या आणि दर प्रतीला 90 रुपये पडले, म्हणजे 45,000 रुपये गेले. दुकानदारानं चाळीस टक्के कमिशन घेतलं तर लेखकाच्या हाती 150 रुपये येतात. म्हणजे नुसता छपाईचा खर्च भरून यायला तीनशे प्रती खपाव्या लागतात. मधे वितरक आला आणि कमिशन पंचावन्न टक्क्यांवर गेलं, तर हाती 112 रुपये 50 पैसे. मग चारशे प्रती विकल्या तेव्हा कुठे मुद्दल सुटतं. आणि शंभर प्रती आधीच फुकट वाटलेल्या असतील तर? हा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडावा. पैसा बहुधा घराच्या बचतीतलाच असतो. पहिल्या वेळी दीडशे-दोनशे प्रतींवर भागवणं शहाणपणाचं. प्रत महाग पडते, पण झोप लागते.

दुकानांचं म्हणाल तर बंगळूरसारखं शहर नाही. गांधीनगरातलं 1967 पासूनचं सपना बुक हाऊस, गांधी बाजारातलं अंकित पुस्तक, चर्च स्ट्रीटवरचं 2001 पासूनचं ब्लॉसम. दुकानदारापुढे पन्नास प्रतींचा गठ्ठा टाकू नये. पाच प्रती 'विकल्यावर पैसे' या बोलीवर ठेवाव्यात, त्याची पावती घ्यावी आणि दोन महिन्यांनी जाऊन विचारावं. शनिवारी संध्याकाळी, दुकान भरलेलं असताना हिशेब मागायला गेलं तर उत्तर काय मिळेल, हे सांगायला नको. मंगळवारी दुपारी जावं.

पुस्तक ओळखीचं करायचे मार्ग वेगळे. मुंबईचे अमीश त्रिपाठी यांच्या पहिल्या कादंबरीला अनेक प्रकाशकांनी नकार दिला होता. 2010 मध्ये ती बाजारात आणताना त्यांनी पहिल्या प्रकरणाची छोटी पुस्तिका छापून दुकानांतून फुकट वाटली. चार पानं आवडली की माणूस पुढचं पुस्तक शोधत येतो, एवढा साधा विचार. आज हेच काम मोबाईलवरून जवळजवळ फुकटात होतं. एक मात्र ध्यानात ठेवावं, फेसबुकवर 'अभिनंदन' म्हणणारे शंभर जण म्हणजे शंभर गिऱ्हाइकं नव्हेत! त्यापेक्षा वाचनालयात किंवा महिला मंडळात वीस श्रोत्यांसमोर अर्धा तास वाचून दाखवलेली एक कथा जास्त प्रती खपवते.

बंगळुरात जानेवारी 2023 पासून कब्बन पार्कमध्ये दर शनिवारी सकाळी झाडांखाली मंडळी जमून मुकाट्यानं वाचत बसू लागली. 'कब्बन रीड्स' नावाचा हा उपक्रम पुढे मुंबई-पुण्यातही पोचला. अशा ठिकाणी पुस्तकं विकायला जाऊ नये, वाचायला जावं. शेजारचा आपणहून विचारेल, 'तुम्ही काय करता?' तेव्हा सांगावं.

बंगळुरात राहून मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण थोडी निराळी. तिथल्या दुकानांत मराठीचा कप्पा शोधावाच लागतो. त्यांच्यासाठी गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ, गणेशोत्सवातलं टेबल आणि टपाल हेच खरे रस्ते. टपाल खात्यानं 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा सुरू केली. सुरुवातीचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये ठेवण्यात आला. कुरिअरच्या मानानं ही मोठीच बचत. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाकडे निवडीसाठी पुस्तक जरूर पाठवावं. शासनमान्य यादीत नाव आलं, तर गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांचं दार उघडतं.

आणि एक सावधगिरी. 'पुस्तक काढून देतो, आयएसबीएन देतो, प्रसिद्धी करतो' म्हणत हजारो रुपयांचं पॅकेज गळ्यात मारणारे पुष्कळ भेटतात. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, हे त्यांना तोंडावर सांगावं. करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: हक्क कुणाकडे राहणार, उरलेल्या प्रती कुणाच्या, आणि विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी मिळणार. उत्तर लेखी द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर चहा पिऊन निघावं.

विकत घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि फोन मात्र एका वहीत टिपून घ्यावा, अर्थात त्याला विचारून. दुसरं पुस्तक निघेल तेव्हा पहिली पोस्टकार्डं कुणाला लिहायची, ते त्या वहीतच सापडेल.