पदराची उलटी बाजू

येवल्यात पैठणी विणणाऱ्या एका विणकराच्या घरी पुढच्या खोलीतच माग आहे. मी गेलो तेव्हा त्यांचा मुलगा विक्रीसाठीचा व्हिडिओ काढायला मागाशेजारी फोनचा स्टँड लावत होता. ट्यूबलाइट त्याने आधीच बंद केली होती. 50 हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या दिव्याची लुकलुक डोळ्यांना कळत नाही, पण व्हिडिओत काळसर पट्टे सरकताना दिसतात. शिवाय खिडकीतला तिरपा उजेड जरीला जास्त मानवतो. जरीची तार चमकली की फोन आपोआप उजेड कमी करतो आणि रेशीम काळवंडतं. म्हणून तो स्क्रीनवर रेशमाच्या जागी बोट दाबून धरतो आणि उजेड तिथेच पक्का करतो.

फिल्टर लावत नाही. “राणी रंग व्हिडिओत डाळिंबी दिसला तर पार्सल परत येतं,” तो म्हणाला.

वडील पदरावर मोर विणत होते. रंगागणिक धाग्याची वेगळी तिल्ली (छोटी कांडी), आणि प्रत्येक धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मगच पुढे. भरगच्च पदर दिवसभरात काही इंचच सरकतो. मुलगा त्यातले काही सेकंद टिपतो आणि तेही पळवत नाही. हात भराभर चालताना दिसले की काम सोपं वाटतं, आणि मग किंमत डोळ्यांवर येते. हे त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं. गाणंही नाही, फणीचा ठोका तेवढा ऐकू येतो.

शेवटी तो पदर उलटतो आणि फोन अगदी जवळ नेतो. हाताने असे धागे गुंतवून विणलेला मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रमागावर किंवा जेकार्डवर काढलेल्या नक्षीमागे बहुधा सुटे, कापलेले धागे असतात. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते हवंच होतं. पण दूरच्या गिऱ्हाइकाला मोराची पाठ दिसली की जी खात्री पटते, ती कागदाने पटत नाही. दुकानांच्या कितीतरी व्हिडिओंत राजवाडा असतो, मॉडेल असते, विणणारा हात मात्र कुठेच नसतो. या घराचं नाव त्या हातामुळे झालं आहे.

ऑनलाइन पैठणी घेणार असाल, तर पदराच्या उलट्या बाजूचा, दिवसाच्या उजेडात काढलेला व्हिडिओ आधी मागून घ्या. विणणाऱ्याला तो पाठवायला वेळ लागत नाही.