सुबक छपाई आणि कागदाची निवड

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रावरील पोथ्या आहेत. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरीत व रेघेत काजळी भरीत. शाई पसरण्याचा प्रश्नच नसे. त्याच नगरीत १८०५ च्या सुमारास सरफोजीराजे दुसरे यांनी देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापविल्या. आता अक्षराचे रूप कागदावर अवलंबून राहिले.

कागद तंतूंचा असतो. त्यास खळ कमी असेल तर शाई तंतूंतून पसरते, ‘भ’च्या माथ्यावरील फट बुजून त्याचा ‘म’ होतो. देवनागरीस हा धोका विशेष! चित्रांतील बारीक ठिपक्यांसाठी पांढऱ्या मातीचा लेप दिलेला गुळगुळीत कागद घ्यावा. मजकुरास मात्र त्याची चकाकी त्रासदायक होते.

टिकाऊपणाचा विचार निराळा. लाकूड वाटून लगदा करण्याची रीत १८४० नंतरच्या दशकात युरोपात निघाली. अशा स्वस्त कागदातील लिग्निन प्रकाशाने पिवळे पडते, आणि तुरटीयुक्त खळीतील आम्लाने तंतू ठिसूळ होतात. संग्राह्य ग्रंथास आम्लरहित कागदच हवा. शंका असल्यास कागदाची एक पट्टी अर्धी झाकून काही दिवस उन्हात ठेवावी व दोन्ही भागांचा रंग ताडून पाहावा.