शाळेची घंटा केव्हा वाजावी?

मुसळधार पावसात आपल्याकडे जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. ग्वाल्हेरीस तशीच सुट्टी जानेवारीत कडाक्याच्या थंडीमुळे द्यावी लागते. पश्चिमेकडून आलेले वादळी ढग पाऊस पाडून गेले, की उत्तरेचे बोचरे वारे सुटतात आणि ओल्या भूमीवर दाट धुके उतरते. सपाट प्रदेशात पारा ४ अंशांपर्यंत अथवा त्याखाली उतरला, की हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते.

सुट्टी देणे सोपे. शाळा पुन्हा केव्हा उघडावी, हे ठरविणे कठीण. अपुऱ्या कपड्यांनिशी धुक्यातून चालत येणाऱ्या बालकाची काळजी आधी घ्यावी, हे खरेच. परंतु सुट्टी बहुधा लहान वर्गांना मिळते, आणि सरकारी शाळांत दुपारचे भोजनही पहिली ते आठवीच्या मुलांसाठी असते. शाळेला कुलूप, म्हणजे ते गरम ताटही चुकले!

म्हणून आम्हांस वाटते, सुट्टी लांबविण्यापेक्षा घंटा उशिरा वाजवावी. धुके विरून ऊन पडल्यावर शाळा भरावी. मायबापहो, आपल्या गावी पावसाची सुट्टी लांबेल, तेव्हाही हाच प्रश्न विचारू या : सर्वांत दूरवरून येणारे गरिबाचे लेकरू आज जेवेल कोठे?